जुनी ऑक्टेव्हिया आरएस: मूळ रूपात आणावी की ताकद वाढवावी?

माझ्या मावसभावाने गेल्या महिन्यात ठाण्याहून गाडी आणली. २००५ची स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस, म्हणजे ऑक्टेव्हियाची जलद आवृत्ती, लाल, उन्हाने रंग विटलेला, पण पत्रा सरळ. इथे नाशिकला गंगापूर रोडने सोमेश्वरपर्यंत एक फेरी मारून आलो. गाडी बंद करायच्या आधीच त्याने विचारलं, "दादा, हिला आधी होती तशी करू की थेट रिमॅप मारू?" रिमॅप म्हणजे इंजिनाच्या संगणकातलं प्रोग्रॅमिंग बदलून ताकद वाढवणं.

याच मॉडेलची गाडी माझ्याकडे सहा वर्षं आहे. जुनी जलद गाडी हौसेने घेतलेल्या प्रत्येकाला हा प्रश्न पडतो, आणि त्याचं उत्तर चुकलं की पैसा, वेळ आणि गाडीवरचा जीव तिन्ही जातात. म्हणून त्याला जे सविस्तर सांगितलं तेच इथे लिहितोय. उदाहरण आरएसचं आहे, पण फियाटची लिनिया टी-जेट, मित्सुबिशीची सेडिया किंवा अबार्थ पुंटो अशी जुनी जलद गाडी घेतलेल्यालाही यातलं बरंच लागू पडेल.

ही गाडी भारतात २००४ साली आली. १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, एका सिलिंडरला पाच म्हणजे एकूण वीस व्हॉल्व्ह, १५० अश्वशक्ती, २१० न्यूटन मीटर टॉर्क आणि पाच गिअर. त्याच काळात युरोपातली आरएस १८० अश्वशक्तीची होती. रिमॅपचा मोह इथूनच सुरू होतो. आपल्याला कमी दिलेलं परत मिळवायचं, असं वाटू लागतं.

कागद आधी बघा

खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. म्हणजे २००५च्या गाडीचं एक नूतनीकरण २०२० मध्ये झालेलं असलं पाहिजे आणि दुसरं २०२५ मध्ये. पंधरा वर्षांनंतरची फी ५,००० रुपये. ऑगस्ट २०२५च्या नियमाने वीस वर्षांवरच्या मोटारीला ती १०,००० झाली. शिवाय पर्यावरण कर वेगळा आणि नवी उच्च सुरक्षा नंबर प्लेट लागतेच. ही रक्कम कुठल्याही मार्गाने जा, खिशातून जाणारच.

मूळ रूपाचा मार्ग आणि ताकद वाढवण्याचा, म्हणजे वाढीव मार्ग, या दोन मार्गांतला फरक पुढे आहे. नूतनीकरणासाठी गाडी निरीक्षकासमोर उभी करावी लागते. मूळ रूपातली गाडी पेठ रोडच्या आरटीओत नेली तर तिचे ब्रेक, दिवे, धूर आणि चेसिस नंबर बघून काम होतं. मोठ्या आवाजाचा एक्झॉस्ट लावलेली, फेंडरबाहेर आलेल्या चाकांची गाडी नेली तर परत यावं लागतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच पुन्हा ठामपणे सांगितलं. २०१९च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. रंग बदलला तरी आरसीवर नोंद करून घ्यावी लागते.

विम्याचंही तसंच. पाच वर्षांपेक्षा जुन्या गाडीची किंमत तुम्ही आणि कंपनी मिळून ठरवता. मूळ गाडी चांगली ठेवली असेल तर फोटो आणि बिलं दाखवून ती वाढवून मागता येते. न कळवलेल्या बदलांमुळे मात्र दावा अडू शकतो.

सुटे भाग: इथे बहुतेकांचा अंदाज उलटा असतो

लोकांना वाटतं इंजिनाचे भाग मिळणार नाहीत आणि बाकी सगळं कुठेही मिळेल. प्रत्यक्षात उलट आहे. या गाडीचा सांगाडा चौथ्या पिढीच्या गोल्फचा, पहिल्या ऑडी टीटीचा आणि त्या वेळच्या ऑडी ए३चा. त्यामुळे टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, सस्पेन्शनच्या लोअर आर्मचे रबरी बुश, सेन्सर, इग्निशन कॉइल हे पार्ट नंबर सांगितला की आजही येतात. मिळत नाही ते आरएसचं खास सामान: पुढचा-मागचा बंपर, आरएसच्या सीट, आतलं ट्रिम, बॅज. मुंबईला कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जुन्या मालात नशिबाने एखादी वस्तू सापडते.

म्हणून मूळ रूपात आणायचं असेल तर थकलेल्या इंजिनाची पण पूर्ण सामानाची गाडी घ्या. चकाचक रंगाची पण साध्या ऑक्टेव्हियाचे बंपर लावलेली घेऊ नका. मावसभावाच्या गाडीला सगळं सामान जागेवर आहे, हे बघूनच मी त्याला होकार दिला होता.

नाशिकची एक जमेची बाजू सांगतो. अंबड आणि सातपूरच्या औद्योगिक वसाहती गाड्यांच्या कारखान्यांवरच वाढल्या. महिंद्राचा कारखाना आहे, डिझेल इंजेक्शनचं सामान बनवणारी बॉश आहे आणि त्यांना माल पुरवणारी असंख्य छोटी वर्कशॉप. मी स्वतः अंबडला टूलरूममध्ये काम करतो. हेड फेसिंग (इंजिनाच्या हेडचा पृष्ठभाग घासून सपाट करणं), स्टीलचा बुश टर्न करणं, चाकं शॉट ब्लास्ट करून पावडर कोटिंग, सबफ्रेम सँडब्लास्ट, ही कामं इथे बारकाईने होतात आणि वाजवी दरात होतात. धातूचं काम नाशकातच करा. रबर, सेन्सर आणि वायरिंगचं सामान मात्र बाहेरून मागवावं लागतं.

ब्रेक आणि सस्पेन्शन

मुंबईहून येताना कसारा घाट चढायचा आणि जाताना उतरायचा, सुमारे तीनशे मीटर. दीडशे अश्वशक्तीची गाडी तिथे जोरात उतरवली की ब्रेक किती महत्त्वाचे ते कळतं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ प्रतीचं ताजं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा शिरलेल्याची मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येते. जुन्या गाडीत हे ऑइल कधी बदललं होतं ते कुणालाच माहीत नसतं. मूळ मार्गाने जा किंवा वाढीव, पहिल्या आठवड्यात हे बदलाच. खर्च अगदी किरकोळ आहे.

पुढे निवड येते. मूळ मापाच्या नव्या डिस्क, चांगले पॅड, कॅलिपरचे रबर किट आणि नवे होज टाकले तर रस्त्यावरच्या वापराला पुरतं. वाढीव मार्गात मोठी डिस्क येते. टीटीला पुढे ३१२ मिलिमीटरची होती आणि याच सांगाड्याच्या गाड्यांना ती बसवणारे बरेच आहेत. तुमच्या गाडीला कोणती आहे ते आधी मोजा आणि चाकाच्या आत कॅलिपरला जागा उरते का ते बघा. माझं मत असं: कॅलिपर जाम झालेला असेल आणि डिस्क झिजलेली असेल, म्हणजे सगळं काढावंच लागत असेल, तर मोठी टाका. ब्रेक चांगले चालत असतील तर ते पैसे टायरला द्या. टायर नवे असले की प्रत्येक वळणावर आणि प्रत्येक पावसात फायदा दिसतो.

सस्पेन्शन खाली करण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे. नाशिकचे स्पीडब्रेकर आणि सिंहस्थाच्या तयारीने उकरलेले रस्ते यावर ही गाडी मुळातच जपून न्यावी लागते. नवे शॉकअप, नवे माउंट, नवे बुश, लिंक रॉड आणि व्यवस्थित अलाइनमेंट केली की गाडी जणू दहा वर्षं तरुण होते. खडखड बंद होते, स्टिअरिंग सरळ राहतं. बहुतेकांना जी "स्पोर्टी" गाडी हवी असते ती याच दुरुस्तीत दडलेली असते, कारण नव्या रबराची ही गाडी कशी चालते ते त्यांनी कधी अनुभवलेलंच नसतं.

इंजिन

इथे मी स्वतः चुकलो, म्हणून जरा थांबून सांगतो. गाडी घेतल्यावर दोन महिन्यांत मी रिमॅप करून घेतला. ज्या गॅरेजमध्ये केला त्यांनी टायमिंग बेल्ट किंवा पंपाबद्दल एक शब्द विचारला नाही आणि मीही विचारलं नाही. गाडी सुसाट पळायची. मे महिन्यात मुंबईहून परतताना कसारा चढताना तापमानाचा काटा वर गेला. इगतपुरीपर्यंतही पोचलो नाही. या इंजिनाच्या जुन्या वॉटर पंपाचा आतला पंखा प्लॅस्टिकचा असतो. वयाने तो ठिसूळ होऊन तुटला होता. हेड वाकलं. सातपूरला फेसिंग करून घेतलं, गॅस्केट बदलली आणि गाडी तीन महिने उभी राहिली. पंप फुटला तो वयाने, रिमॅपने नव्हे. पण पंपाचे पैसे मी रिमॅपला दिले होते.

म्हणून आता दोन्ही मार्ग शेजारी ठेवून बघतो.

मूळ रूपाच्या मार्गात टायमिंग बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, कूलंट, सगळे व्हॅक्यूम पाइप, प्लग, गरज असल्यास कॉइल, फ्युएल फिल्टर आणि फोक्सवॅगनच्या ५०२ मानकाचं सिंथेटिक ऑइल येतं. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, आणि इथे व्हॉल्व्ह वीस आहेत. आता इंधनाच्या पाइपांचाही विचार करावा लागतो. पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. त्याचा ऑक्टेन वाढलाय, ते टर्बो इंजिनाला चांगलंच. पण वीस वर्षांपूर्वीचं रबर त्याच्यासाठी बनवलेलं नव्हतं. इंधनाचे होज आणि इंजेक्टरच्या ओ-रिंग बदलून टाका, पेट्रोलचा वास यायची वाट बघू नका.

वाढीव मार्गात पहिला रिमॅप आला की ट्यूनर साधारण १९० अश्वशक्ती सांगतात. ती गाडी चालवताना जाणवते, त्यात शंका नाही. त्यासोबत क्लचवर ताण येतो आणि उष्णता वाढते. या गाडीचा इंटरकूलर (टर्बोतून येणारी गरम हवा थंड करणारा भाग) लहान आहे आणि पुढच्या चाकाजवळच्या कोपऱ्यात लपलेला आहे. नाशिकच्या एप्रिल-मेच्या उन्हात तो लवकर तापतो, मग वाढवलेली ताकद संगणक स्वतःच कमी करतो. रिमॅपनंतर मोठा इंटरकूलर, मग क्लच, मग डाउनपाइप (टर्बोनंतरचा एक्झॉस्ट पाइप), असं एकामागून एक येतं. एका रकमेत काम संपत नाही हे आधी धरून चाला.

मधली वाट मला सगळ्यांत पटलेली आहे. जो भाग मोडला किंवा वयाने संपला म्हणून उघडावाच लागतो, तिथे सुधारलेला भाग टाका. वॉटर पंप बदलायचाच आहे तर धातूच्या पंख्याचा घ्या. टर्बोचे फाटके पाइप काढायचेच आहेत तर सिलिकॉनचे टाका. टर्बोची जादा हवा वळवणाऱ्या डायव्हर्टर व्हॉल्व्हचा पडदा फाटलाय तर मजबूत व्हॉल्व्ह बसवा. मजुरी एकदाच जाते, गाडी बाहेरून मूळ दिसते, आरटीओला आणि विम्याला प्रश्न पडत नाही आणि गाडी आधीपेक्षा टिकाऊ होते.

पैसे

मावसभावाकडे गाडी घेतल्यावर सव्वादोन लाख उरले आहेत. माझ्या वहीतल्या खर्चांवरून त्याला असा हिशेब मांडून दिला: बेल्ट, पंप, कूलिंग आणि इंधनाचे पाइप मिळून पन्नास हजार, सस्पेन्शन पंचावन्न, टायर बत्तीस, ब्रेक पंचवीस, कागद वीस. उरलेल्या साधारण चाळीस हजारांना हात लावायचा नाही, कारण जुन्या गाडीत उघडल्यावर काहीतरी निघतंच. रंग पुढच्या वर्षी. पूर्ण रंगासाठी लाखाच्या आसपास लागतात आणि फिका रंग कुणाला घाटात अडकवत नाही. पत्र्याला कुठे गंज असेल तर तेवढा मात्र लगेच खरवडून थांबवायचा, विशेषतः इगतपुरीच्या पावसात रोज जाणारी गाडी असेल तर.

तेच पैसे रिमॅप, एक्झॉस्ट, मोठी चाकं आणि स्प्रिंगला लावले तर दिवाळीपर्यंत गाडी झकास दिसेल, आणि खालचे बुश तसेच वाजत राहतील.

गाडी अजून घेतली नसेल आणि फक्त वेग हवा असेल तर २०१५ला आलेली अबार्थ पुंटो बघा. १४५ अश्वशक्ती, कागद ताजे, वीस वर्षांच्या नूतनीकरणाचा प्रश्न दूर. पोलो जीटी टीएसआय शहरात चालवायला सोपी आहे, फक्त तिचा सात गिअरचा कोरड्या क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स (डीएसजी) नीट तपासून घ्या. तो बिघडला तर एका फटक्यात मोठा खर्च येतो. सेडियाचं दोन लिटरचं इंजिन दणकट आहे आणि राष्ट्रीय रॅलीत ती गाडी वर्षानुवर्षं धावली, पण तिच्या बॉडीचे भाग आरएसपेक्षाही अवघड आहेत.

गाडी कधीतरी ट्रॅकवर न्यायची आहे, दुसरी गाडी रोजच्या वापराला आहे आणि क्लचसह पुढचे सगळे खर्च बाजूला ठेवलेत, अशांनी वाढीव मार्ग घ्यावा. तो चुकीचा नाही. त्यांना ते सुख पूर्ण मिळतं.

मावसभावाने शनिवारी गाडी माझ्याकडे आणली. पुढचा भाग उघडला, बेल्टच्या कडेला धागे सुटलेले होते आणि पंप जुनाच, प्लॅस्टिकचा. नवा पंप आता टेबलावर ठेवलाय, कूलंट निथळतंय. माझ्या गाडीचा क्लच अजून पहिलाच आहे. तो घसरू लागला की गिअरबॉक्स उतरवावाच लागेल, तेव्हा मजबूत क्लच टाकेन आणि मगच काढून टाकलेली जुनी रिमॅप फाइल परत चढवेन.