अहिराणी शब्दसंग्रहासाठी मार्कडाउन की ॲस्कीडॉक?

धुळ्याची माझी भाची गावोगावचे अहिराणी शब्द साध्या टेक्स्ट फाइलींत उतरवतेय. आधी मार्कडाउन शिकू की ॲस्कीडॉक, यावर तिचं अडलंय. दोन्ही म्हणजे साध्या टेक्स्टमध्ये चिन्हं टाकून शीर्षक, यादी, ठळक अक्षरं दाखवायच्या पद्धती.

शिकायला मार्कडाउन सोपं. जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये आणलेल्या या पद्धतीत `#` म्हणजे शीर्षक, `-` म्हणजे यादी आणि दोन्हीकडे `**` म्हणजे ठळक. एका संध्याकाळी हात बसतो. ॲस्कीडॉकमध्ये शीर्षकाला `=`, ठळकला एकेरी `*`. पण मराठीत इथेच गोची होते. `*धुळे*कर` असा शब्द जोडून आला की एकेरी तारा लागू पडत नाही, `**धुळे**कर` लिहावं लागतं. मार्कडाउनमध्ये ही भानगड नाही, आणि प्रत्यय चिकटवणाऱ्या आपल्या भाषेत हे रोज जाणवतं. इन्स्क्रिप्ट या मराठी कळफलकावर मात्र दोन्ही सारखीच छळतात: `*` च्या जागी 'श्र' उमटतो, म्हणून कळफलक बदलावाच लागतो.

तक्त्यांत पारडं फिरतं. एका शब्दासमोर शिरपूर, साक्री, चोपडा अशी तीन रूपं द्यायची तर रकाने जोडायला (शेजारची घरं मिळून एक करायला) हवेत. ॲस्कीडॉक ते सरळ करतं, वेगवेगळ्या फाइलींतली प्रकरणंही एकत्र ओढतं. मार्कडाउनच्या मूळ रूपात तक्ताच नाही. नंतरच्या अनेक रूपांत आहे, पण त्यांतल्या बहुतेकांत जोड-रकाने नाहीत.

खर्च दोन्हींत शून्य, फाइल कुठल्याही एडिटरात उघडते.

टिपणं, छोटे लेख असतील तर मार्कडाउन. छापील कोश काढायचाच असेल तर ॲस्कीडॉक. भाचीने मार्कडाउनपासून सुरुवात करावी. पॅनडॉक हे फाइलींचं रूपांतर करणारं साधन पुढे त्याचं ॲस्कीडॉक करून देतं.