हिपॅटायटीस बीसाठी सरकारी केंद्र : आमचा अनुभव

आमच्या जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयातल्या हिपॅटायटीस केंद्रात ह्यांचे उपचार चालू आहेत. २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमामुळे तपासण्या आणि टेनोफोव्हिरच्या गोळ्या मोफत मिळतात. पण मी हे केंद्र सुचवते ते तिथल्या डॉक्टर मॅडमसाठी. आजार नीट समजावून सांगणारं कुणीतरी आम्हाला तिथेच पहिल्यांदा भेटलं.

हा विषाणू स्वतः यकृताच्या पेशी फारशा मारत नाही, असं मॅडम म्हणाल्या. विषाणू शिरलेल्या पेशी शोधून मारतात त्या आपल्याच रक्तातल्या, रोगाशी लढणाऱ्या टी पेशी, आणि तेव्हा एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा झाल्याचं रक्ततपासणीत दाखवणारा आकडा, वाढतं. उसात रानडुक्कर शिरलं की हाकलणाऱ्यांच्या पायाखाली ऊस तुडवला जातो, तसंच. वर्षानुवर्षं झुंजून ह्या पेशी दमतात. त्यामुळे एसजीपीटी नॉर्मल आलं म्हणजे विषाणू गेला असं नाही. त्यासाठी व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे ते, बघावा लागतो. गोळी विषाणूची वाढ रोखते, त्याला मुळापासून काढत नाही. मनाने गोळी सोडली तर तो उसळतो, टी पेशी पुन्हा तुटून पडतात आणि यकृत निकामीही होऊ शकतं. हे कळल्यापासून कावीळ उतरवणाऱ्याकडे जायचा विषय आमच्या घरात निघालेला नाही.

ह्यांनी आयुष्यात दारूला हात लावलेला नाही, तरी यकृताचा आजार म्हटल्यावर भावकीत कुजबुज होतीच. बाळंतपणात आईकडून लागण झाली तर बाळाचं शरीर विषाणूशी नीट लढत नाही आणि दहातल्या नऊ बाळांत तो कायमचा राहतो. मोठेपणी लागण झाली तर बहुतेकांचा तो निघून जातो. मॅडमनी हे सासूबाईंना शांतपणे, त्यांना दोष न लावता सांगितलं. सासूबाईंचीही तपासणी करून घेतली. मला लसीचे तीन डोस मिळाले, नंतरच्या तपासणीत अँटीबॉडी १० च्या बऱ्याच वर आल्या, म्हणजे लस लागू पडली.

त्रास दोन. व्हायरल लोडचा रिपोर्ट फार उशिरा येतो. आणि औषधाच्या खिडकीवर नावासोबत आजारही मोठ्याने पुकारतात. हे थांबलंच पाहिजे, लाजेपायी माणसं परत येत नाहीत.

जाताना जुने सगळे रिपोर्ट न्या, घरच्यांनाही तपासणीला सोबत न्या, आणि गोळ्या संपायच्या आठवडाभर आधीच जा.