दालचिनीचं तेल विरुद्ध विब्रिओ: आधी डॉकिंग की आधी प्लेट?

रत्नागिरी-सिंधुदुर्गात एमएस्सीच्या प्रकल्पासाठी हा विषय हाताशीच आहे. परसात दालचिनी आणि गवती चहा, खाडीकाठच्या तलावांत कोळंबी, आणि तिच्या मुळावर उठणारा विब्रिओ पॅराहिमोलिटिकस हा जिवाणू. ठरवायचं ते एवढंच, की तेलातले रेणू आधी संगणकावर तपासायचे की थेट जिवाणूंवर.

डॉकिंगला, म्हणजे रेणू जिवाणूच्या प्रथिनात कसा आणि किती घट्ट बसेल हे संगणकावर अजमावण्याला, खर्च जवळपास नाही. ऑटोडॉक व्हिना हे त्यासाठीचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, प्रथिनांच्या रचना प्रोटीन डेटा बँकेत आणि रेणू पबकेमवर असतात, साधा लॅपटॉप पुरतो. स्कोअर (जितका जास्त उणे, तितकी पकड घट्ट) वाचताना मात्र फार जपावं लागतं. रेणू मोठा असला की आकडा आपोआप सुधारतो, म्हणून तेलातलं 204 रेणुभाराचं कॅरिओफायलिन 164 च्या युजेनॉलला सहज मागे टाकतं. जिवाणूंवर बहुधा उलटं घडतं. व्हिनाच्या 2010 च्या मूळ शोधनिबंधातच सुमारे 2.85 किलोकॅलरी प्रतिमोल इतकी प्रमाण त्रुटी दिली आहे. मग उणे 5.8 आणि उणे 6.3 यांत पहिला-दुसरा नंबर कसला लावायचा? शिवाय ही तेलं मुख्यतः जिवाणूचं पेशीपटल बिघडवतात. एकाच प्रथिनावर केलेल्या डॉकिंगला ते दिसतच नाही.

प्लेटला, म्हणजे जिवाणू वाढवून त्यांच्यावर थेट तेल तपासायला, ऑटोक्लेव्ह (वाफेनं निर्जंतुक करणारं यंत्र), जैवसुरक्षा कॅबिनेट आणि जाणता मार्गदर्शक हवा. तेल पाण्यात मिसळत नाही, उडूनही जातं, त्यामुळे अगारच्या घट्ट माध्यमावर तेलाभोवती दिसणारं, जिवाणू न वाढलेलं वलय फसवतं. ट्वीन 80 (तेल पाण्यात मिसळवणारा पदार्थ) घालून, झाकण घट्ट लावून द्रव माध्यमात एमआयसी, म्हणजे वाढ थांबवणारं तेलाचं किमान प्रमाण, काढा आणि नुसत्या ट्वीनचा कंट्रोल ठेवा. विब्रिओला माध्यमात मीठ लागतं. ते कमी पडलं तर वाढ खुंटते आणि श्रेय तेलाला जातं! तेल पानांचं की सालीचं, हेही लिहा: पानांत युजेनॉल भरपूर, सालीत सिनॅमाल्डिहाइड.

माझं मत स्पष्ट आहे. लॅब मिळत असेल तर आधी प्लेट, आणि जे तेल चाललं त्याच्याच रेणूंचं नंतर डॉकिंग. रत्नागिरीजवळ शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात चौकशी करायला लाजू नका. लॅब मिळतच नसेल तर डॉकिंग करा, पण प्रथिनासोबत स्फटिकात सापडलेला रेणू आधी पुन्हा बसवून पाहा. तो मूळ जागेपासून 2 अँगस्ट्रॉमच्या आत आला नाही तर पुढचे आकडे वापरू नका. आणि प्रबंधाच्या शीर्षकात ‘जिवाणूनाशक’ हा शब्द घालू नका.