जळगावातील रबर मिक्सिंगची जॉबवर्क सेवा : माल घालण्याआधी रबराचा स्वभाव पाहणारी मिल

पीव्हीसी पाइपांच्या जोडासाठी रबरी रिंगा बनवणाऱ्या लहान कारखान्याला स्वतःची मिक्सिंग मिल परवडत नाही, त्यामुळे आमचे कंपाउंड (रबर आणि रसायनांचे मिश्रण) जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील एका मिलमधून जॉबवर्कवर होऊन येते. नैसर्गिक रबर कसे वाहते, याचा विचार तेथे मिश्रणाआधी होतो, आणि मला तीच तिची खरी जमेची बाजू वाटते.

केरळातून येणाऱ्या आरएसएस (धुरावून वाळवलेल्या रबराच्या) शीटची प्रतवारी डोळ्यांनी पाहून होते. त्यावरून रबर किती घट्ट आहे हे कळत नाही, शिवाय साठवणीत ते आपोआप कडक होत जाते. म्हणून येथे प्रत्येक लॉटची मूनी चाचणी, म्हणजे घट्टपणाची मोजणी, घेतली जाते : 100 अंश सेल्सिअसवर 1 मिनिट तापवून 4 मिनिटे रोटर फिरवायचा. येणाऱ्या आकड्यावरून रबर नुसते किती मळायचे, ते ठरते. रोलमध्ये पाणी खेळते ठेवले जाते, कारण गार रबरावर ताण पुरेसा बसतो आणि त्याच्या लांब साखळ्या तुटतात. तापलेले रबर केवळ नरम पडते, थंड झाल्यावर पुन्हा ताठ होते. सुरुवातीला रोलवर भोके पडलेला, खडबडीत पट्टा दिसतो; तो गुळगुळीत झाला आणि वरची बँक (दोन रोलांच्या फटीवर साठलेले रबर) एकसारखी फिरू लागली की मगच झिंक ऑक्साइड, स्टिअरिक अॅसिड, कार्बन ब्लॅक आणि शेवटी गंधक व अॅक्सिलरेटर (गंधकाची क्रिया वेगवान करणारे रसायन) पडतो. जास्त मळलेल्या रबराची ताकद जाते, हे येथील ऑपरेटरला सांगावे लागत नाही.

मूनीचा रोटर मात्र फार सावकाश फिरतो, तर एक्स्ट्रूडरमध्ये (डाय म्हणजे साच्याच्या तोंडातून रबर दाबून काढणाऱ्या यंत्रात) रबर कितीतरी वेगाने ढकलले जाते आणि तेथे ते पातळ वागते. त्यामुळे सारख्याच मूनीचे दोन लॉट डायमधून निघताना वेगवेगळे फुगू शकतात. मागणी केल्यास ही मिल पट्टीचा तुकडा काढून कड आणि फुगवटा दाखवते. माझ्या मते हे न विचारताही करायला हवे.

उणीव आहे ती तयार मालाच्या हाताळणीत. शीट पुरेशा गार न करता थप्पी लावली जाते, आणि पारा 45 अंशांवर जाणाऱ्या खान्देशच्या उन्हाळ्यात हे महागात पडते. मागच्या मे महिन्यात आमचा एक लॉट स्कॉर्च होऊन, म्हणजे वेळेआधीच पक्का होऊ लागून, आला. एकदा गाठी धरलेले कंपाउंड पुन्हा वाहते करता येत नाही. माल परत घेण्यात मिलने खळखळ केली नाही, तरी 121 अंशांवरचा स्कॉर्च टाइम चिठ्ठीवर लिहून मागावा आणि उन्हाळ्यात गाडी संध्याकाळीच भरावी. फिक्या रंगाच्या मालासाठी मात्र येथे जाऊ नये, कारण त्याच रोलवर दिवसभर काळा माल चालतो.