पत्रासकट आलेलं होल्स्टर

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मंडळींपैकी ज्यांना जुन्या पोलिसी वस्तू जमवायचा नाद आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. बिल्ल्यांमध्ये बनावट माल फार असतो, हे एव्हाना सगळ्यांना ठाऊक झालंय. होल्स्टरकडे, म्हणजे रिव्हॉल्व्हर अंगावर बाळगायच्या चामडी म्यानाकडे, मात्र कोणी तेवढ्या संशयाने बघत नाही, आणि लबाडांनी नेमकं हेच हेरलंय. रिव्हॉल्व्हरला सिरियल नंबर असतो आणि परराज्यातून मागवलं तर ते परवानाधारक डीलरमार्फतच हातात पडतं. होल्स्टरला ना नंबर, ना कागद. विकणारा सांगेल तोच त्याचा इतिहास.

मी ऑनलाइन जाहिरात बघून असंच एक होल्स्टर घेतलं. त्याचा मला सांगितलेला इतिहास असा: न्यूयॉर्कच्या एका डिटेक्टिव्हने १९५२ साली चिक गेलॉर्डकडून करवून घेतलेलं, ड्युटी नसताना कोटाखाली कमरेला लावायचं होल्स्टर. सोबत त्याच्या बायकोने हाताने लिहिलेलं पत्र. किंमत सव्वातीनशे डॉलर.

यातली लबाडी अशी की गोष्टीचा सांगाडा खराच आहे. त्या काळी न्यूयॉर्कच्या पोलिसाने सुट्टीवर असतानाही हत्यार जवळ ठेवावं असा शिरस्ता होता. चार इंची नळीचं सर्व्हिस रिव्हॉल्व्हर साध्या कपड्यांत लपत नसे, म्हणून बहुतेक जण दोन इंची नळीचं दुसरं बाळगत. कोल्टचं सहा गोळ्यांचं डिटेक्टिव्ह स्पेशल १९२७ पासून मिळत होतं, आणि १९५० मध्ये स्मिथ अँड वेसनचं पाच गोळ्यांचं, आणखी आटोपशीर चीफ्स स्पेशल आलं. गेलॉर्डही खरा. न्यूयॉर्कचा नावाजलेला कारागीर, चामडं कमीत कमी वापरून अंगाला चिकटून बसणारी होल्स्टर करायचा. त्याच्या हातच्या कामाला आज चांगला भाव येतो, म्हणून त्याचं नाव पुढे केलं.

माल हातात आला तेव्हा पहिल्यांदा नजर गेली ती कमरपट्टा ओवायच्या घरामागे उठवलेल्या आकड्यावर: ३६. चीफ्स स्पेशलचाच मॉडेल नंबर, म्हणजे वरवर सगळं जुळतंय. फक्त स्मिथ अँड वेसनने आपल्या हत्यारांना हे नंबर द्यायला सुरुवात केली १९५७ मध्ये. १९५२ च्या चामड्यावर तो आकडा येईल कुठून? जाहिरातीतल्या फोटोंमध्ये ही बाजू कुठेच नव्हती. मुद्दाम मागितली तेव्हा ‘प्रकाश नीट नाही’ असं उत्तर आलं होतं.

मग बाकीचं बघत गेलो. खरं वापरलेलं होल्स्टर सगळीकडे सारखं झिजत नाही. अंगाकडची बाजू घामाने काळी पडते, नळीच्या टोकाशी चामडं उलतं, पट्ट्याची फट ओढून ओढून सैल होते, नळीच्या टोकावर नेम धरायला जो उंचवटा असतो त्याने आत खोबण पाडलेली असते. यावर रंग सगळीकडे एकसारखा गडद होता, अगदी पट्ट्याच्या घराच्या आतही, जिथे ना ऊन पोचतं ना घाम. आत खोबणीचा पत्ता नाही. पितळी बटण जुन्या चामड्यात राहिलं की कळकतं, कडेने हिरवी घाण साचते. हे बटण मागून लखलखीत. शेवटी नोटा तपासायचा जांभळा दिवा आणला, तर शिवणीचा दोरा निळसर पांढरा चमकला. हल्लीच्या कृत्रिम दोऱ्याचं हे नेहमीचं लक्षण. एकट्या दोऱ्यावरून मी काही ठरवलं नसतं, कारण जुनं होल्स्टर कोणी नव्याने शिवूनही घेतं. पण इथे एकूण एक खूण त्याच दिशेने बोट दाखवत होती.

पैसे परत मागितले. विक्रेता आधी गोड बोलला, मग म्हणाला, पत्र अस्सल आहे, चामड्याचं मला काय माहीत! नंतर त्याचं खातंच गायब. पेमेंट अॅपमध्ये त्याने ‘मित्र-नातेवाईक’ हा पर्याय निवडायला लावला होता, फी वाचते म्हणून. त्या पर्यायात खरेदीदाराला संरक्षण नसतं, हे विकणाऱ्याला पुरेपूर माहीत असतं. कोणी तो पर्याय सुचवला तर व्यवहार तिथेच सोडा, माल कितीही मोहात पाडणारा असो. पार्सल सरकारी टपालाने आलं असेल तर टपाल खात्याच्या तपास शाखेकडे तक्रार करता येते, शिवाय एफबीआयच्या इंटरनेट गुन्ह्यांच्या केंद्राकडे ऑनलाइनही. मी दोन्हीकडे केली आहे. खोका आणि पावती जपून ठेवली म्हणून ते सोपं गेलं.

परवा तेच पत्र पुन्हा दिसलं. निळी शाई, डाव्या कोपऱ्यात कपाचा गोल डाग, दुसऱ्या ओळीत खोडलेला शब्द. या वेळी नवरा शिकागोचा सार्जंट झालाय आणि विकायला आहे ते खांद्याला अडकवायचं होल्स्टर. मी त्या साइटला कळवलंय, पण जाहिरात हे लिहीपर्यंत तरी उतरलेली नाही.