कॉन्करंट लॉग हँडलर: चार वर्कर आणि लॉग फाइल एकच असेल तर लावाच

पायथनवाल्यांसाठी लिहितोय, त्यातही ज्यांचं जँगो किंवा फ्लास्क गनिकॉर्नवर, म्हणजे पायथनच्या वेब सर्व्हरवर, चार-पाच वर्कर (प्रत्येक वर्कर म्हणजे वेगळी प्रोसेस) लावून चालतं आणि सगळे वर्कर एकाच लॉग फाइलमध्ये लिहितात त्यांच्यासाठी. पॅकेजचं नाव कॉन्करंट-लॉग-हँडलर, पिपने एका कमांडमध्ये बसतं, फुकट आहे आणि ज्यासाठी बनवलंय तेवढं काम, म्हणजे अनेक प्रोसेसना एकाच लॉग फाइलमध्ये नीट लिहू देणं, चोख करतं.

आधी दुखणं काय ते सांगतो, कारण बऱ्याच जणांना वाटतं पायथनचं लॉगिंग मॉड्यूल थ्रेड-सेफ आहे, म्हणजे अनेक थ्रेडनी एकाच वेळी लिहिलं तरी गोंधळ होत नाही, म्हणजे झालं. आहेच थ्रेड-सेफ, पण एका प्रोसेसच्या आत. अनेक प्रोसेसनी एका फाइलमध्ये लॉग करणं सपोर्टेड नाही असं पायथनच्या डॉक्युमेंटेशनमध्येच सरळ लिहिलंय. आता नुसतं लिहिण्यापुरतं लिनक्सवर सहसा निभावतं, फाइल अपेंड मोडमध्ये उघडलेली असते त्यामुळे प्रत्येकाची ओळ शेवटी जाऊन पडते. खरा घोळ रोटेशनला होतो, म्हणजे फाइल भरली की तिचं नाव बदलून बॅकअप म्हणून ठेवायची आणि नवीन उघडायची तेव्हा. समजा पायथनचा साधा रोटेटिंग फाइल हँडलर (लॉग फाइलमध्ये लिहिणारा आणि रोटेट करणारा क्लास) लावलाय, मर्यादा १० एमबी, बॅकअप ५. पहिल्या वर्करने मर्यादा आली म्हणून फाइलचं नाव बदलून शेवटी .१ लावलं आणि कोरी फाइल उघडली, पण बाकीच्या तिघांकडे जुनीच फाइल उघडी आहे, नाव बदललं तरी त्यांच्याकडचं हँडल (उघड्या फाइलचा दुवा) तेच राहतं. दुसरा वर्कर पुढची ओळ लिहायला आला की तो त्या जुन्या फाइलचं माप घेतो, ती भरलेलीच दिसते, मग तोही रोटेट करतो, म्हणजे आत्ता उघडलेली दोन ओळींची फाइल .१ होते आणि खरी १० एमबीची .२ वर ढकलली जाते, आणि पहिला वर्कर त्या .१ मध्येच लिहीत बसतो. मग तिसरा येतो, चौथा येतो. एकदा फाइल भरली की चार रोटेशन, आणि ५ बॅकअपमधला सगळ्यात जुना डेटा दर वेळी उडतो. नेमका ज्या दिवसाचा एरर हवा तोच दिवस गायब. विंडोजवर तर फाइल दुसऱ्या प्रोसेसने उघडी ठेवलीय म्हणून नाव बदलणंच फेल होतं, तो परमिशन एरर, विनएरर ३२ वाला, पाहिला असेल तुम्ही.

या पॅकेजने काय केलंय तर शेजारी एक छोटी लपवलेली लॉक फाइल ठेवलीय. लिहायच्या आधी प्रत्येक प्रोसेस तिच्यावर लॉक घेते, मग लिहिते, रोटेशन लागलंच तर तेही लॉक हातात असतानाच करते आणि मग सोडते. मधल्या काळात दुसऱ्या कुणी रोटेट केलं असेल तर ते तिला कळतं आणि ती नवीन फाइल उघडते. सेटिंगमध्ये फक्त क्लासचं नाव बदलायचं, बाकी कोडला हात लावावा लागत नाही, हे मला फार आवडलं. जुन्या फाइली जीझिप करायचा ऑप्शन आहे, वेळेप्रमाणे रोटेट करणारा क्लासपण आहे. आणि क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप) रूटने, म्हणजे अॅडमिन युजरने, चालणारी स्क्रिप्ट त्याच लॉगमध्ये लिहीत असेल तर फाइलचा मालक आणि परमिशन ठरवून देता येते, नाहीतर रूटने बनवलेली फाइल वेब वर्करला उघडताच येत नाही.

आता कमी काय ते. प्रत्येक ओळीला लॉक म्हणजे स्पीड कमी होणारच, डीबग लेव्हल चालू ठेवून भरमसाट लॉग करणाऱ्यांनी विचार करा. सगळ्या प्रोसेसची सेटिंग सारखी पाहिजे, एकाची मर्यादा १० आणि दुसऱ्याची ५० असं चालत नाही. आणि एनएफएस किंवा कुठल्याही नेटवर्क शेअरवर लावू नका, तिथे लॉकचा भरवसा नाही आणि अपेंडचाही नाही. वेगवेगळ्या मशीनवरचे लॉग एकत्र करायला हे नाहीच.

फक्त लिनक्स असेल तर माझं मत थोडं वेगळं आहे. तिथे पायथनचाच वॉच्ड फाइल हँडलर लावा आणि रोटेशन लॉगरोटेटकडे, म्हणजे लिनक्सच्या लॉग रोटेट करणाऱ्या टूलकडे, द्या, हा हँडलर दर वेळी लिहायच्या आधी फाइल बदललीय का ते आयनोडवरून, म्हणजे फाइल सिस्टीममधल्या फाइलच्या नंबरावरून, बघतो. लॉगरोटेटच्या सेटिंगमध्ये डिलेकॉम्प्रेस (जुनी फाइल लगेच नाही, पुढच्या रोटेशनला कॉम्प्रेस करणं) ठेवा, कॉपीट्रंकेट (फाइलची कॉपी करून मूळ फाइल रिकामी करणं) नको, कारण कॉपी आणि ट्रंकेटच्या मध्ये आलेल्या ओळी जाऊ शकतात हे लॉगरोटेटच्या मॅन्युअलमध्येच दिलंय. लोड खूप असेल तर पायथन ३.२ पासून क्यू हँडलर आहे, सगळे वर्कर ओळी क्यूत (रांगेत) टाकतात आणि फाइलमध्ये एकच प्रोसेस लिहिते, तेही मस्त, पण मल्टिप्रोसेसिंगची क्यू सगळ्या वर्करपर्यंत पोचवायची जोडणी स्वतः करावी लागते. विंडोज सर्व्हर असेल, किंवा लॉगरोटेटला हात लावायची परवानगीच नसेल, तर मात्र मी डोळे झाकून हेच पॅकेज घेईन.

पाचपैकी चार स्टार. आणि लावाल तेव्हा लॉग फॉरमॅटमध्ये प्रोसेस आयडी नक्की घाला, चार वर्करच्या ओळी एकाखाली एक आल्या की कुठला ट्रेसबॅक कुठल्या रिक्वेस्टचा ते त्याशिवाय शोधता येत नाही.