खण, ब्लॉकप्रिंट की जुनी साडी : घरी शिवायच्या रंगीत कपड्यांसाठी कापडाची निवड

स्वतःसाठी कुर्ता आणि मुलीसाठी फ्रॉक, किंवा मुलासाठी सदरा, घरीच शिवायचा असे ठरवून कापडाच्या दुकानात गेलेला माणूस बहुधा रंगावर भाळून कापड उचलतो. कापडाचा पन्हा (रुंदी) किती आहे, ते धुतल्यावर कसे वागते आणि त्याची उलट बाजू अंगाला कशी लागते, हे तीन प्रश्न मात्र बेतायला बसेपर्यंत मनात येत नाहीत. मोठ्यांच्या कपड्यात यांतली एखादी उणीव निभावून नेता येते. लहान मुलाच्या कपड्यात ती सहसा निभत नाही, कारण टोचणारा कपडा मूल घालतच नाही आणि रोज धुवावा लागणारा कपडा नाजूक असून चालत नाही. म्हणून पुढील तुलनेत रंगाला शेवटचे स्थान दिले आहे. खण, ब्लॉकप्रिंटचे सुती कापड, घरातली जुनी सुती साडी आणि होजिअरी हे चार पर्याय येथे विचारात घेतले असून, घरी साधी सरळ टीप घालणारी मशीन आहे आणि शिवण्याची तोंडओळख आहे, असे गृहीत धरले आहे.

आधी खणाकडे वळू, कारण सध्या सर्वाधिक मोह त्याचाच पडतो. कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्ड या गावचा खण महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या चोळीसाठी आणि ओटी भरण्यासाठी आला, आणि त्याची सारी रचना चोळीच्या मापाने ठरलेली आहे. त्याचा पन्हा सुमारे 31 इंच असतो, दोन्ही कडांना काठ असतो आणि अंगभर बारीक बुट्टी असते. परंपरेने उभा धागा रेशमी व आडवा सुती असे. आज बाजारात मिळणारा बराचसा खण यंत्रमागावरचा असून त्यात कृत्रिम रेशीम किंवा पॉलिस्टर असते. बुट्टी उभ्या धाग्यांच्या जादा रांगेतून विणलेली असल्यामुळे कापडाच्या उलट बाजूला सुटे धागे राहतात. ते नखात, कानातल्यात, बटणात अडकतात आणि नाजूक त्वचेला खुपतातही. त्यामुळे मुलाच्या खणाच्या कपड्याला मऊ सुती अस्तर लावणे हा हौसेचा भाग नसून तो कपड्याचा अनिवार्य अर्धा हिस्सा आहे, आणि खर्चाचा हिशेब करताना अस्तराचे कापड व त्यासाठीची दुप्पट शिलाई धरूनच तो करावा.

अरुंद पन्हा ही खणाची उणीव मानली जाते, पण लहान मुलीच्या फ्रॉकसाठी तीच गोष्ट सोयीची ठरते. खणाचा पन्हा मधोमध उभा कापला की साडेपंधरा इंच रुंदीचे दोन पट्टे मिळतात आणि प्रत्येकाला एका बाजूने काठ असतो. तीन-चार वर्षांच्या मुलीच्या फ्रॉकच्या कमरेखालच्या भागाला साधारण तेवढीच उंची लागते. काठ खाली ठेवून हे दोन पट्टे एकमेकांना जोडले की जेमतेम पाऊण-एक मीटर कापडात चांगल्यापैकी घेर मिळतो, घेरभर अखंड काठ येतो आणि तिथे दुमडून हेमिंग करण्याची गरजच राहत नाही. एक सावधगिरी मात्र हवी. असे बेतताना कापड आडवे वापरले जाते, म्हणून मोर किंवा वेल यांसारखी एका दिशेची बुट्टी असल्यास ती फ्रॉकवर आडवी झोपलेली दिसते, आणि दोन पट्ट्यांत तिची तोंडे परस्परविरुद्ध दिशांना होतात. चांदणीसारखी चारही बाजूंनी सारखी दिसणारी बुट्टी निवडली, तर हा प्रश्न उद्भवत नाही.

मोठ्यांच्या कुर्त्यासाठी याच खणाचे गणित बिघडते. 31 इंचांच्या पन्ह्यात पुढा किंवा मागा यांपैकी एकच बसतो, बाजूला उरणारी पट्टी बाहीला पुरत नाही, म्हणून बाह्यांसाठी वेगळे कापड घ्यावे लागते आणि पूर्ण कुर्त्याला तीन मीटरच्या आसपास खण जातो. शिवाय दोन्ही काठ उभे येऊन बाजूच्या शिवणीत दडपले जातात, म्हणजे ज्या काठासाठी खण घेतला तोच दिसेनासा होतो. उभ्या आणि आडव्या धाग्याचे रंग वेगळे असल्यास कापडाची झळाळी दिशेप्रमाणे बदलते, त्यामुळे कापड वाचवण्यासाठी एखादा भाग आडवा बेतला, तर तो वेगळ्याच थानातला वाटतो. प्रौढांनी खण योकपुरता (खांद्यालगतच्या वरच्या भागापुरता), बाह्यांच्या कडेला किंवा गळ्याच्या पट्टीला वापरावा आणि उरलेला कुर्ता साध्या सुती कापडाचा ठेवावा, हे मला अधिक शहाणपणाचे वाटते. मायलेकींचे कपडे एकमेकांना शोभावेत यासाठी तेवढा खण पुरतो.

खणाचे आणखी एक बजावून सांगावेसे वाटते. खरेदी करताना कडेचे दोन-चार धागे काढून ते घरी, पाण्याची वाटी जवळ ठेवून, चिमट्यात धरून जाळून पाहावेत. सुती धागा कागदासारखा जळतो व त्याची मऊ राख होते. पॉलिस्टर वितळते आणि त्याचा कडक मणी बनतो. खणाचा फ्रॉक बहुतेक वेळा दिवाळीत, पणत्या आणि फुलबाज्यांच्या जवळ घातला जातो. सुती कापडही पेट घेतेच, परंतु वितळणारे कापड त्वचेला चिकटून बसते, म्हणून दिवाळीच्या फ्रॉकसाठी पॉलिस्टरचा खण घेऊ नये.

याच्या तुलनेत ब्लॉकप्रिंटचे सुती कापड फारसे नखरे करत नाही. पन्हा सहसा 44 इंच असतो, आणि चाळीस इंच उंचीच्या कुर्त्याला अडीच मीटर कापड पुरते. पुढा आणि मागा एकाखाली एक बेतले की बाजूला सोळा ते अठरा इंचांची लांब पट्टी उरते. तिच्यात कुर्त्याच्या आखूड बाह्या आणि चार वर्षांच्या मुलीच्या फ्रॉकचा योक निघतो, आणि घेरासाठी पाऊण मीटर जादा घेतले की दोघींचे काम सव्वातीन मीटरांत होते. एकाच कापडातून दोघांचे कपडे शिवायचे असतील, तर या पर्यायाशी बाकीचे तिन्ही बरोबरी करू शकत नाहीत. अस्तराची गरज नसते, टीप सरळ बसते, कापड सुईखाली घसरत नाही, आणि एखादी शिवण उसवून पुन्हा घालावी लागली तर भोके दिसत नाहीत.

मात्र ‘ब्लॉकप्रिंट’ या एका नावाखाली बरेच वेगवेगळे माल विकले जातात. जयपूरजवळच्या सांगानेरची छपाई बहुधा पांढऱ्या किंवा फिक्या जमिनीवर नाजूक फुलांची असते आणि ती मुलांच्या कपड्यांना फार शोभते, कारण बुट्टी लहान असते. त्याच परिसरातल्या बगरूमध्ये चिखलाचा लेप देऊन रंग अडवण्याची दाबू पद्धत वापरतात. तिथले रंग मातकट आणि गडद असतात. कच्छमधील अजरख हे या सर्वांत अधिक कष्टाचे काम आहे. धमडका हे त्याचे जुने केंद्र, आणि 2001 च्या भूकंपानंतर कारागिरांनी वसवलेले अजरखपूर हे नवे. मुख्यतः नीळ, मंजिष्ठेचा लाल, काळा आणि पांढरा या रंगांत ते भौमितिक नक्षीचा सारा विस्तार करतात. मछलीपट्टणमजवळच्या पेडणाची ‘कलमकारी’ प्रत्यक्षात लाकडी ठशांनी छापलेली असते; कलमाने रेखाटलेले काम श्रीकालहस्तीचे. दुकानात या सर्व नावांनी स्क्रीनवर छापलेला मालही सर्रास मिळतो. ठशांची छपाई असेल, तर दोन ठशांच्या जोडावर रेघ किंचित सरकलेली किंवा रंग थोडा गडद झालेला सापडतो, तर स्क्रीनच्या छपाईत प्रत्येक आवर्तन तंतोतंत सारखे असते. स्क्रीनप्रिंट वाईट असते असे नाही. रोजच्या सदऱ्यासाठी ते उत्तमच आहे. फक्त त्याची किंमत ठशांच्या छपाईची देऊ नये.

मुलांसाठी निवडताना नक्षीचे माप पाहणे अत्यावश्यक आहे. चार वर्षांच्या मुलाचा छातीचा घेर बावीस इंचांच्या आसपास असतो, म्हणजे पुढच्या भागाची दिसणारी रुंदी अकरा-बारा इंच. सात-आठ इंचांचा कलमकारीचा मोठा बुट्टा त्यावर एकच बसतो, तोही बहुधा काखेत अर्धा कापला जाऊन. दोन इंचांच्या आतली बुट्टी मायलेकी दोघींनाही चालते. नक्षी एका दिशेची असेल, तर कुर्ता खांद्यावर अखंड ठेवण्याचा सोपा मार्ग सोडून द्यावा लागतो, नाहीतर पुढची फुले उभी आणि पाठीवरची उलटी लटकलेली दिसतात.

या कापडाची खरी अडचण धुण्यात आहे. सुती कापड पहिल्या धुण्यात शेकडा तीन ते पाच आटू शकते, म्हणजे चाळीस इंचांचा कुर्ता सव्वा ते दोन इंचांनी आखूड होतो. म्हणून बेतण्याआधी कापड रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करणे ही पायरी टाळता येत नाही. रंग जाऊ नये म्हणून पाण्यात मीठ घालण्याची रीत घरोघर आहे, पण रंगवून झालेल्या कापडाचा रंग मिठाने पक्का होत नाही. सुटा रंग धुऊन काढणे हाच उपाय आहे, आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत कापड पुन्हापुन्हा खंगाळणे हीच त्याची पद्धत. नीळ तर ओली नसतानाही घासण्याने उतरते. ओल्या पांढऱ्या फडक्याने कापड घासून पाहावे, आणि फडक्याला रंग लागत असेल तोवर ते सगळे तोंडात घालणाऱ्या वयाच्या बाळासाठी वापरू नये.

नेमक्या याच ठिकाणी जुनी साडी सर्वांवर मात करते. वर्षानुवर्षे धुतलेल्या सुती साडीत आटायचे ते आटून झालेले असते, जायचा तो रंग गेलेला असतो, आणि कापडाला आलेला मऊपणा कोणत्याही नव्या मलमलीत विकत मिळत नाही. बाळाची झबली, टोपडी, कुंची आणि दुपटी जुन्या लुगड्यांतून शिवण्याची आपल्याकडची रीत काटकसरीइतकीच या मऊपणासाठी होती. सहावारीत साडेपाच मीटर कापड असते, त्यामुळे पुरण्याचा प्रश्न येत नाही. प्रश्न असतो तो कापडात जीव किती उरला आहे याचा. साडी खिडकीशी उजेडात धरून पाहावी. बसण्याच्या जागी आणि पायाजवळच्या काठालगत, जिथे फॉल लावलेला असतो तिथे, ती विरलेली असते. वरचा, खोचण्याच्या बाजूचा भाग आणि पदर सहसा धड निघतो. दोन्ही हातांनी ताणल्यावर धागे बाजूला सरकून फट दिसली, तर त्या भागाचा कपडा न शिवता गोधडीसाठी तो ठेवून द्यावा.

अशा कापडाला ताण सोसत नाही, म्हणून घट्ट बसणारी चोळी किंवा आखीव मुंढ्याचा (बाही जोडायच्या वळणाचा) कुर्ता साडीतून शिवू नये. चुण्यांचा घेर, सैल बाह्या आणि मोकळा मुंढा हाच तिचा स्वभाव. सुई 11 नंबरची घ्यावी, टाका बारीक ठेवावा आणि माया (शिवणीच्या आत राहणारे जादा कापड) नेहमीपेक्षा थोडी जास्त सोडावी. इरकल साडी कापण्यापूर्वी मात्र तिचा पदर कुठे सुरू होतो ते आधी शोधावे. इरकलमध्ये अंगाचा ताणा (उभे धागे) आणि पदराचा ताणा वेगवेगळा असून ते फाशांनी एकमेकांत गुंतवलेले असतात, आणि अंग सुती असले तरी पदर रेशमी किंवा कृत्रिम रेशमाचा असतो. त्या जोडावरून बेतलेला कपडा जोडाच्या दोन बाजूंना वेगवेगळा पडतो. लाल पदर वेगळा काढून त्याचा योक करावा आणि अंगाचा घेर, हे अधिक सोपे.

होजिअरीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. तिरुपूरहून येणारे हे विणलेले ताणदार कापड अनेक ठिकाणी वजनावर विकले जाते, मुलांना ते सर्वांत आवडते आणि गळा ताणला जात असल्याने त्यात उघडझाप करण्याची सोय करावी लागत नाही. पण सरळ टीप त्यावर पहिल्याच ताणाला तुटते. नागमोडी टीप घालणारी मशीन आणि गोल टोकाची सुई असल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये. ती असली, तरीही रोजचा टी-शर्ट तयार घेणेच स्वस्त पडते.

उरलेल्या तिन्ही कापडांना मात्र गळ्याशी उघड ठेवावीच लागते, कारण चार वर्षांच्या मुलाच्या डोक्याचा घेर वीस इंचांच्या आसपास असतो आणि न ताणणारा तेवढा गळा खांद्यावरून घसरतो. ही उघड बंद करायला मागे एक बटण आणि दोऱ्याचा छोटा फासा पुरे. गळ्याशी लोंबणारी नाडी घसरगुंडीत, झोपाळ्यात किंवा दाराच्या कडीत अडकून फास बसू शकतो, म्हणून ती कितीही गोड दिसली तरी लावू नये.

वाढत्या वयाचा विचारही कापडाप्रमाणे बदलतो. या वयात मूल वर्षाला साधारण पाच-सहा सेंटिमीटर वाढते, त्यामुळे फ्रॉकच्या घेरात आतून दोन टक (दुमडून शिवलेल्या आडव्या घड्या) घालून ठेवले, तर तो पुढच्या वर्षी सोडता येतो. साडीच्या आणि फिक्या सांगानेरी कापडात हे टक सोडल्याचे कळतही नाही. निळीच्या कापडात आत दडलेली पट्टी गडद राहते आणि सोडल्यावर ठळक दिसते. तिच्यावर एखादी रंगीत पट्टी शिवून ती झाकता येते. खणाच्या फ्रॉकमध्ये उंची काठापर्यंत नेमकी बेतलेली असल्याने टकाला जागाच उरत नाही, आणि पुढच्या दिवाळीला योकच्या खाली दुसऱ्या रंगाचा पट्टा जोडावा लागतो. त्यासाठी खण घेतानाच पाव मीटर जास्त घेऊन ठेवावा, कारण वर्षभराने त्याच रंगाचे थान मिळत नाही.